बाबांची पोर्शे विकायची आहे? आधी चावी कपाटात ठेवा

पत्र: आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. त्यांनी २०१४ मध्ये हौसेनं घेतलेली पोर्शे केमन एस कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी आहे. मीटरवर ८,४१२ किलोमीटर. शेवटची चार वर्षं ती कुणी सुरूच केलेली नाही. भाऊ म्हणतो, नवी बॅटरी टाकू, पुण्याला चालवत नेऊ आणि तिथं दाखवू. होटगी रोडचे एक ओळखीचे गाडीवाले जशी आहे तशी २२ लाखांना घ्यायला तयार आहेत, पण फॉर्मवर सह्या आजच हव्यात म्हणतात. मुंबईचा एक डीलर म्हणतो, गाडी माझ्याकडे ठेवा, विकली की पैसे देतो. आईला हे सगळं लवकर उरकायचं आहे. काय करावं?
— एक वाचक, सोलापूर

ताई,

तीन सल्ले आले आहेत आणि तिन्हींमध्ये घाई तेवढी समान आहे. तुमच्या गाडीला घाईच सगळ्यात महाग पडेल. भावाला सांगा, चावी कपाटात ठेव आणि बॅटरी अजून आणू नकोस.

८,४१२ हा आकडा ऐकून गिऱ्हाईक फोन करील, पण पैसे आकड्याचे मिळत नाहीत. तो आकडा खरा आहे याचा पुरावा आणि उभ्या उभ्या गाडी खराब झालेली नाही याची खात्री, या दोन गोष्टींचे मिळतात. पुरावा नसेल तर जाणकार माणूस मीटर मागं फिरवलाय असंच धरून भाव करतो. आणि चार वर्षं पत्र्याखाली सोलापूरचा उन्हाळा खाल्लेली गाडी कमी चाललेली असली, तरी तिचं रबर, तेलं, टायर सगळं पूर्ण वयाचं झालेलं असतं.

सुरुवात कागदांपासून करा, कारण गाडी बाबांच्या नावावर असेल तर ती आज तुम्हाला कायद्यानं विकताच येत नाही. आरसी बाबांच्या नावावर आहे की फर्मच्या, हे आधी बघा. बाबांच्या नावावर असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१. त्यासोबत मृत्यू दाखला, मूळ आरसी, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, चालू विमा, पीयूसी आणि ओळखपत्रं जोडायची. नियमानं मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुमची मुदत उलटून गेली आहे. दंड भरावा लागेल, पण काम अडणार नाही. आईच्या नावावर करणं सगळ्यात सुटसुटीत, म्हणजे तुम्ही दोघांनी फक्त ना-हरकत द्यायची. त्याच फेरीत आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतो का ते पाहा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आरटीओत कुणी नेऊनच दिलेली नसते, हे नेहमीचं. गाडी २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवून घ्या. जुनी ई-चलनं असतील तर तीही भरून टाका.

फर्मच्या नावावर असेल तर गोष्ट निराळी. मग वारसाचा प्रश्न येत नाही, विक्री फर्म करते. फर्मनं घसारा घेतला असेल, तर आयकराच्या हिशेबानं घसारा वजा जाऊन उरलेल्या किमतीपेक्षा जितके जास्त पैसे येतील तेवढ्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. तुमच्या सीएंना हे आधीच विचारा. सौदा ठरल्यावर विचारलंत तर तो कर तुमच्याच खिशातून जाईल.

आता होटगी रोडच्या सह्यांबद्दल. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, कोरे सही करून कुणालाही देऊ नका, ओळखीच्यांना तर मुळीच नाही. तसे फॉर्म हातात असले की माणूस गाडी पुढं तिसऱ्याला, चौथ्याला विकतो आणि आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून तुमचंच नाव राहतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: अपघाताची भरपाई ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे त्याच्यावर येते, भले त्यानं ती कधीच विकलेली असो. सव्वातीनशे अश्वशक्तीच्या गाडीसाठी ही जोखीम घेऊ नका.

कागद आरटीओत फिरत असताना पुराव्याचं काम घरबसल्या होतं. बाबांची फाईल काढा. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ती बिलं तारखेनं लावून ठेवा. विमा खंडित झाल्यावर नव्यानं काढताना कंपनी गाडीचे फोटो घेते, त्यात मीटरही असतो. फास्टॅगचं जुनं स्टेटमेंट बँकेकडून मागवा. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस या नाक्यांवरच्या नोंदी मोजल्या की पुण्याच्या किती फेऱ्या झाल्या ते कळतं आणि तो हिशेब किलोमीटरशी जुळायला हवा. दोन्ही चाव्या, सर्व्हिसची पुस्तिका आणि तिच्यातलं ऑप्शन कोडचं स्टिकर शोधा. तसंच स्टिकर पुढच्या झाकणाखालीही असतं. गाडी कोणत्या रंगाची आणि कोणत्या सोयींची निघाली ते त्यावरून ठरतं. चॅसी नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. ई म्हणजे २०१४. पूर्ण आयात गाडी आहे, तेव्हा डीलरचं मूळ बिल आणि आयातीचे कागद असतील तर सोन्यासारखे जपा. शुल्क चुकवून आणलेल्या गाड्यांची प्रकरणं इतकी झाली आहेत की शहाणा ग्राहक ते मागतोच.

हे सगळे कागद असले तरी शेवटचा शब्द गाडीतल्या कॉम्प्युटरचा असतो. पोर्शेच्या इंजिन कंट्रोलरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते साठवलेलं असतं, आणि मीटर फिरवणारे ते सहसा विसरतात. वर्कशॉपनं पीविस हे पोर्शेचं तपासणी यंत्र लावून ते तास छापून द्यायचे. समजा २८० तास निघाले. ८,४१२ ला २८० नं भागलं की सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर येतो. सोलापुरात फिरवलेल्या आणि अधूनमधून हायवेला काढलेल्या गाडीला ते शोभतं. तेच ८४० तास निघाले तर सरासरी १० येईल, आणि मग ग्राहकाच्या आधी तुम्हालाच उत्तर शोधावं लागेल. इंजिन लाल रेषेपलीकडं किती वेळा गेलं, कोणता दोष किती किलोमीटरला नोंदला गेला, हेही त्याच कागदावर येतं. हा एक रिपोर्ट फोटोंच्या अख्ख्या अल्बमपेक्षा जास्त भाव मिळवून देतो.

आता भावाचा बेत. नवी बॅटरी, स्टार्टर, पुणे. यात तीन ठिकाणी नुकसान आहे.

पहिलं पेट्रोलचं. चार वर्षांचं पेट्रोल उडून जाऊन मागं चिकट राळ उरते, आणि इथेनॉलचं असेल तर त्यानं हवेतलं पाणीही ओढून घेतलेलं असतं. या ३.४ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनात पेट्रोल फार मोठ्या दाबानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. राळ हाय प्रेशर पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेली की साध्या सफाईनं भागत नाही, भाग बदलावे लागतात. दुसरं, सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल केव्हाच खाली उतरलंय. कोरड्या भिंतींवर पिस्टन फिरवून ओरखडे पडले की किमतीतले कितीतरी लाख तिथंच गेले. तिसरं, टायर. नक्षी नव्यासारखी दिसेल, पण बाजूच्या भिंतीवर चार आकडे शोधा: २३१४ असेल तर टायर २०१४ च्या २३व्या आठवड्यातला. सहा वर्षांपुढच्या टायरवर टेंभुर्णीच्या पुढं मोकळा रस्ता बघून कुणी पाय दाबला, तर टायर फुटायला निमित्त लागत नाही. शिवाय विमा, पीयूसी काहीच चालू नसताना गाडी रस्त्यावर काढणंच गुन्हा आहे.

म्हणून गाडी सोलापुरात स्टार्टच करू नका. सपाट ट्रॉलीवर चढवून मुंबईच्या अधिकृत सेंटरला, नाहीतर पीविस यंत्र आणि या इंजिनाचा अनुभव असलेल्या वर्कशॉपला पाठवा. इथं फक्त ती शेडमधून बाहेर काढायची आहे, आणि तेवढ्यातही बरंच बिघडू शकतं.

बॅटरी मेलेली असणार, म्हणजे रिमोट चालणार नाही. रिमोटच्या पोटात धातूची छोटी चावी असते, तिनं ड्रायव्हरचं दार उघडतं. बॅटरी पुढच्या झाकणाखाली आहे आणि ते झाकण विजेवर उघडतं. इथं गाडीवाले पहारी घालतात आणि बंपर, झाकण, रंग सगळ्याची वाट लावतात. तसं करायचं नाही. पायाशी जी फ्यूजची पेटी आहे, तिच्यात बाहेर ओढता येणारं पॉझिटिव्ह टोक असतं. बाहेरच्या बॅटरीची लाल वायर त्याला आणि काळी वायर दाराच्या कडीच्या लोखंडाला लावा, मग रिमोटचं झाकणाचं बटण दाबा. अलार्म वाजला तर घाबरू नका. ही वीज झाकण उघडण्यापुरतीच. तिथून गाडी स्टार्ट करायला गेलात तर वायरिंग जळेल.

झाकण उघडलं की जुन्या बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी बसवा. साधी स्वस्त बॅटरी नको. वीज आली की पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअर, पार्कमधून न्यूट्रलला येतो आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक सुटतो, निदान सुटायला हवा. या गाडीत मागच्या डिस्कच्या आत लहान ड्रम असतो आणि पार्किंग ब्रेकचे शूज त्यात बसतात. बाबांनी ब्रेक लावून ठेवला असेल तर शूज गंजून चिकटलेले असू शकतात. चाक फिरत नसेल तर ओढाओढ करू नका. मागची दोन्ही चाकं सरकत्या ट्रॉलीवर ठेवून गाडी हलवता येते, चिकटलेला ब्रेक वर्कशॉपला सोडवू दे.

ढकलण्याआधी टायरमध्ये हवा भरा. किती ते गाडीवरच्या स्टिकरवर छापलेलं आहे. हवा नसलेल्या टायरवर गाडी सरकली की रिमची कड खराब होते. टूल किटमध्ये ओढण्याचा हूक असतो. तो पुढच्या बंपरमधली टोपी काढून आत बसतो. त्याचे आटे उलटे आहेत, डावीकडं फिरवून घट्ट करायचा. हे माहीत नसलेला माणूस उजवीकडं जोर लावून आटे खातो. ट्रॉलीच्या फळ्या पुरेशा लांब हव्यात, नाहीतर नाक टेकतं. पट्टे चाकांवरून घाला, सस्पेन्शनला साखळी बांधू देऊ नका. मुंबईपर्यंतच्या चारशे किलोमीटरचा ट्रान्झिट विमा आणि चढवण्याआधी चारही बाजूंचा व्हिडिओ, दोन्ही हवेच.

कव्हर काढलं की भाऊ फडकं घेऊन धावेल. त्याला थांबवा. सुताचा उडता कचरा आणि एमआयडीसीची धूळ कोरड्या फडक्यानं पुसली की रंगावर जाळ्यासारखे ओरखडे पडतात. आधी धुळीतलेच फोटो काढा, मग भरपूर पाणी मारून धूळ वाहू द्या. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात आणि उन्हात ते काचेवर, रंगावर धरून बसतात. आणि सूत असतं तिथं उंदीर असतातच. केबिनचा फिल्टर, पुढचं झाकण, सीटखालची वायरिंग बघा. लेंड्या किंवा कुरतडलेलं दिसलं तर वर्कशॉपला आधीच सांगा.

वर्कशॉपला कामाचा क्रम लेखी द्या, नाहीतर तिथंही कुणीतरी आधी स्टार्टर मारील. टाकीतलं पेट्रोल काढायचं. प्लग काढून, कॅमेरा आत घालून सहाही सिलिंडरचे फोटो घ्यायचे. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचा. या गाडीला तेल मोजायची पट्टी नाही, पातळी मीटरवर दिसते आणि तीही इंजिन गरम असताना. त्यामुळं अंदाजानं जास्त भरलं जाण्याची भीती असते, तेवढं बजावून सांगा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, तुमचं दोनदा चुकलं आहे. कूलंटही नवा. त्यानंतर इंधन पंपाचा फ्यूज काढून थोडं थोडं क्रँक करून, म्हणजे स्टार्टरनं नुसतं फिरवून, तेलाचा दाब तयार करायचा, आणि मगच ताजं हाय ऑक्टेन पेट्रोल घालून इंजिन सुरू करायचं.

सुरू झाल्यावर एक जागा हमखास तपासायला लावा. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत एसीचे कंडेन्सर आणि त्यामागं रेडिएटर आहेत. हवेच्या तोंडातून आत गेलेला पाला-कचरा तिथं साठतो, पाणी धरतो आणि कंडेन्सर कुजून गॅस गळतो. तुमच्याकडं त्यात सुताची भर पडलेली असेल. साफ करायला बंपर उतरवावा लागतो, तो खर्च मान्य करा. एसी चालत नसेल तर गिऱ्हाईक गाडीत बसून दहा मिनिटांत भाव पाडतं. जमेची एक बाजूही आहे. २००८ पर्यंतच्या पोर्शे बॉक्सर इंजिनांना आयएमएस (आतल्या मधल्या शाफ्टच्या) बेअरिंगची जी बदनामी चिकटली, ते बेअरिंग तुमच्या इंजिनात नाहीच. कुणी ते सांगून भाव पाडू लागला तर ऐकून घेऊ नका.

टायर बदलायचेच. मूळ १९ इंची चाकं असतील तर पुढं २३५/४०, मागं २६५/४०, आणि भिंतीवर पोर्शेची मान्यता सांगणारं एन अक्षर हवं. चाकांना कुलूपबोल्ट असतील तर त्यांची खास चावी टूल किटमध्ये आहे का ते आजच बघा. ती हरवली असेल तर टायरवाला हात वर करतो. बाकी सिरॅमिक कोटिंग, नवी सीट कव्हरं, रंगाचा टचअप यावर एक रुपयाही घालू नका. मूळ रंग कुठं कुठं आहे हे ग्राहक जाडी मोजायच्या यंत्रानं बघतो आणि नव्यानं मारलेला रंग दिसला की अपघाताचा संशय घेतो.

या सगळ्याला काही लाख लागतील. ते आधी घालायचे का, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या मते पहिल्या टप्प्यात फक्त वाहतूक, सिलिंडरचे फोटो आणि पीविसचा रिपोर्ट एवढाच खर्च करा. सिलिंडर स्वच्छ निघाले आणि तास जुळले, तर पुढचं सगळं करून घ्या, वसूल होईल. ओरखडे निघाले तर रिपोर्ट दाखवून जशी आहे तशी विका. त्यानंतर २२ लाख कमी की बरे, हे कळायला हातात काहीतरी असेल. आज तो आकडा फक्त होटगी रोडच्या माणसाच्या सोयीचा आहे.

भाव ठरवताना त्याच मॉडेलच्या जाहिराती बघा, पण जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी, सौदा नव्हे. गाडीची नोंदणी २०२९ ला संपते. त्यानंतर फिटनेस आणि फेरनोंदणी, आणि आयात गाडीला २०२२ पासून त्याची सरकारी फी ४०,००० रुपये झाली आहे. हैदराबाद, विजयपूर किंवा कलबुर्गीचं गिऱ्हाईक आलं तर फॉर्म २८ ची एनओसी आणि त्यांच्या राज्याचा कर त्याला वेगळा भरावा लागेल. तो तेवढे पैसे तुमच्या भावातून कापू बघेल, हे धरून चाला.

मुंबईच्या डीलरकडं ठेवायला हरकत नाही, पण करार करून. तुमच्या हातात किमान किती पडायचे, त्याचं कमिशन किती, गाडी त्याच्याकडं असताना विमा कुणाचा, टेस्ट ड्राइव्हला जास्तीत जास्त किती किलोमीटर, आणि ६० दिवसांत विकली नाही तर कुणाच्या खर्चानं परत, हे सगळं लिहून घ्या. मूळ आरसी आणि दुसरी चावी तुमच्याकडंच राहील. त्यानं नाही म्हटलं तर दुसरा डीलर बघा. इतक्या कमी चाललेल्या गाडीला मुंबईत डीलरांची वाण नाही.

पैसे फक्त बँकेतून. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. ‘थोडे वरचे कॅश देतो’ म्हणणाऱ्याला इथंच थांबवा. आरटीजीएसचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आईच्या खात्यात रक्कम दिसल्यावर आणि बँकेत फोन करून खात्री केल्यावरच फॉर्म २९, ३० वर सही, तीही घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्यावर. गाडी सोपवताना तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती करा, कारण त्या मिनिटानंतरची चलनं त्याची. घेणारा महाराष्ट्रातलाच असेल तर विक्री १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते. ते एजंटवर न सोडता त्याच दिवशी उरका आणि नाव बदललेली आरसी ऑनलाइन दिसेपर्यंत आठवड्याला एकदा बघत राहा. विमा कंपनीला पत्र द्या. फास्टॅग काचेवरून काढून बँकेत बंद करा, नाहीतर सावळेश्वरचा टोल नव्या मालकाच्या फेऱ्यांचा आईच्या खात्यातून कापला जाईल.